गिधाडांकडे उमेदवारी

पशुवैद्यकीचा अभ्यासक्रम साडेपाच वर्षांचा. त्यातलं शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं, म्हणजे उमेदवारीचं. हिंगोलीच्या मुलांना सगळ्यात जवळचं महाविद्यालय परभणीचं. तिथे शिकणाऱ्या एखाद्या मुलीच्या डोक्यात गायी-म्हशींच्या जोडीला पक्षी भरले असतील आणि तिला गिधाडांच्या प्रजनन केंद्रात काही महिने काम करायला मिळालं, तर पहिल्या दिवशी तिला गिधाड दिसेलच असं सांगता येत नाही. बोकड मात्र नक्की दिसतील.

असं सगळ्यात जुनं केंद्र हरियाणात, पिंजोरजवळ आहे. जटायू संवर्धन प्रजनन केंद्र असं त्याचं नाव. मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी, म्हणजे बीएनएचएस, आणि हरियाणाचा वन विभाग मिळून ते चालवतात. तिथल्या गिधाडांना सोललेला बोकड घालतात; पण बाजारातून आणला आणि लगेच कापला, असं कधी होत नाही. किमान आठवडाभर त्याला केंद्रातच बांधून ठेवायचं, चारा-पाणी करायचं, मगच त्याची पाळी. या मुदतीत त्याला दुखण्यावरचं कुठलंही औषध द्यायचं नाही. आजारी पडलाच आणि औषध द्यावं लागलं, तर तो खाण्याच्या यादीतून बाद. कोणता बोकड कधी आला, कोणता कधी कापला, याची वही असते. पक्षी सांभाळायला आलेल्या उमेदवाराला ही वही बघून थोडं हिरमुसायला होतं खरं, पण सगळ्या केंद्राचा जीव त्या वहीत आहे.

कारण बाजारातल्या बोकडाला काल-परवा कुणी काय टोचलंय, हे कुणाला ठाऊक? आणि भारतातली गिधाडं संपली ती टोचलेल्या औषधानेच.

१९८० च्या दशकापर्यंत या देशात गिधाडं कोट्यवधी होती. मराठवाड्यात आज साठी ओलांडलेल्या कुणालाही विचारा, गावाबाहेर मेलेलं ढोर टाकलं की तासाभरात आभाळ कसं भरायचं, हे तो हातवारे करून सांगेल. नव्वदच्या दशकात बीएनएचएसचे शास्त्रज्ञ विभू प्रकाश यांना राजस्थानात भरतपूरच्या केवलादेव उद्यानात घरटी झपाट्याने रिकामी होताना दिसली. झाडांवर आणि झाडांखाली मेलेली गिधाडं सापडू लागली. आधी सगळ्यांचा संशय एखाद्या विषाणूवर होता आणि शोध बरीच वर्षं त्याच दिशेने चालला. २००४ मध्ये लिंडसे ओक्स आणि सहकाऱ्यांनी पाकिस्तानातल्या मेलेल्या गिधाडांवरून खरं कारण दाखवून दिलं. ते होतं डायक्लोफेनॅक, दुखणं आणि सूज उतरवणारं, स्वस्त आणि लगेच गुण देणारं इंजेक्शन. बैलाचा खांदा सुजला, गाय लंगडायला लागली, म्हैस तापाने फणफणली, की ढोरांचा डॉक्टर असो वा गावातला हौशी टोचणारा, हेच द्यायचा. जनावराला त्याने काही अपाय होत नाही. पण इंजेक्शननंतर साधारण तीन दिवसांच्या आत ते जनावर मेलं आणि गिधाडांनी त्याचं मांस खाल्लं, तर त्यांची मूत्रपिंडं बंद पडतात. पक्ष्यांच्या शरीरातला नको असलेला नायट्रोजन युरिक आम्लाच्या रूपाने बाहेर पडतो. मूत्रपिंडं थांबली की ते आम्ल रक्तात साठतं आणि त्याचे खडे हृदयावर, यकृतावर बसतात. मेलेलं गिधाड फाडलं की आतले अवयव चुना लावल्यासारखे पांढरे दिसतात. खाल्ल्यापासून दोन-चार दिवसांत खेळ खलास.

हे सगळ्या देशभर व्हायला किती मढी विषारी असावी लागतील? शास्त्रज्ञांनी गणित मांडलं तेव्हा उत्तर आलं, शंभरात एकाहूनही कमी. कारण एका मढ्यावर गिधाडं शेकड्याने बसतात. प्रत्यक्षात २००४-०५ च्या सुमारास देशभरातून मांसाचे नमुने गोळा केले, तेव्हा दहातल्या एका जनावरात डायक्लोफेनॅक निघालं. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९.९ टक्के घटली. लांब चोचीची आणि सडपातळ चोचीची सुमारे ९७ टक्के. हजारातलं एक उरणं म्हणजे काय, ते पिंजोरच्या केंद्राकडे बघितल्यावर कळतं. रानात वाचवण्याजोगं काही राहील याची खात्री नव्हती, म्हणूनच ते उभं राहिलं.

२००१ मध्ये ते आजारी गिधाडांचं शुश्रूषा केंद्र म्हणून सुरू झालं, २००४ पासून प्रजनन केंद्र झालं. पुढे बंगालमध्ये राजाभातखावा, आसामात राणी आणि मध्य प्रदेशात भोपाळ अशी आणखी केंद्रं निघाली. पिंजोरला पांढऱ्या पाठीच्या गिधाडाचं पहिलं पिल्लू २००८ मध्ये उडण्याइतकं मोठं झालं. २०२३ पर्यंत तिथली गिधाडं साडेतीनशेच्या वर गेली होती. आकडा मोठा वाटतो, पण त्यामागचं गणित फार संथ आहे. गिधाड वयात यायलाच पाचेक वर्षं लागतात. मग मादी वर्षाला अंडं घालते, तेही एकच. नर-मादी आलटून पालटून ते पन्नासहून अधिक दिवस उबवतात, आणि पिल्लू घरट्याबाहेर झेप घ्यायला आणखी साडेतीन-चार महिने घेतं. कोंबडीच्या हिशोबाला सरावलेल्या आपल्यासारख्यांना हा वेग सहन होणारा नाही.

जोड्या जमवायचं काम मात्र माणसाकडे नाही. गिधाडाचे नर-मादी दिसायला अगदी सारखे. रक्ताचा नमुना घेऊन डीएनए तपासल्याशिवाय कोण काय ते कळत नाही. म्हणून मोठमोठ्या जाळीच्या अ‍ॅव्हियरी बांधल्या आहेत, शंभर फूट लांब आणि चाळीस फूट रुंद. आत पंख पसरून थोडं उडता येतं, आणि वसाहतीने राहणाऱ्या या पक्ष्यांना आपापला जोडीदार निवडता येतो. लांब चोचीची गिधाडं रानात कड्यांच्या कपारीत घरटी करतात आणि पांढऱ्या पाठीची उंच झाडांवर. दोघांचीही सोय भिंतीलगतच्या फळ्यांवर आणि बसायच्या दांड्यांवर केलेली असते. हिवाळ्याच्या तोंडाशी आत काटक्या आणि हिरवे डहाळे टाकले की घरट्याची लगबग सुरू होते. काटक्यांवरून भांडणं होतात, शेजाऱ्याच्या चोरल्या जातात. हे सगळं उमेदवार बघतो ते मात्र जाळीशी उभा राहून नाही, तर कॅमेऱ्याच्या पडद्यावर.

या कामात सगळ्यात अवघड काय असेल, तर स्वतःला दूर ठेवणं. लहानपणापासून पाखरं पाळलेल्या, वासराला बाटलीने दूध पाजलेल्या मुलांचा इथे हमखास गोंधळ होतो. जनावरावर माया असली की त्याच्याजवळ जायचं, त्याला हात लावायचा, नावाने हाक मारायची, हे आपल्या अंगात भिनलेलं. इथे उलटं. प्रजननाच्या अ‍ॅव्हियरीत कारणाशिवाय कुणी शिरत नाही. मांस आत टाकायचं आणि बाजूला व्हायचं. साफसफाईसुद्धा पक्ष्यांच्या वेळा सांभाळून. माणूस दिसला की अन्न येतं, अशी सांगड एकदा पक्ष्याच्या मनात बसली की तो सुटल्यावर माणसांमागे हिंडेल, आणि मग त्याचा शेवट ठरलेलाच.

मांस पडतं तेव्हा पडद्यावर काय दिसतं ते जरा नीट सांगतो, कारण उमेदवाराचे डोळे तिथेच तयार होतात. आधी बराच वेळ काहीच होत नाही. पक्षी वरून बघत राहतात. मग एखादं धीट गिधाड उतरतं, दोन-तीन उड्या मारत पुढे येतं, थांबतं. ते खायला लागलं की बाकीची एकदम कोसळतात आणि पंखांचा नुसता कल्लोळ. मानेवर पिसं जवळपास नसल्यामुळे डोकं फासळ्यांच्या आत घालूनही ती स्वच्छ राहतात. दहा-पंधरा मिनिटांत गळ्याखालची पिशवी फुगते आणि पोट भरलेले पक्षी बाजूला होऊन पंख उघडून बसतात. नवखा माणूस या सगळ्यात ती झुंबड बघत बसतो. मुरलेला माणूस बघतो की वरच्या दांड्यावरून कोण उतरलंच नाही. पायातल्या कड्यावरचा त्याचा क्रमांक टिपायचा, मागच्या खेपेला ते खाली आलं होतं का हे वहीत शोधायचं, आणि वरिष्ठांना सांगायचं. आजारी गिधाड शेवटपर्यंत आजार लपवतं. त्याचं न खाणं हीच काय ती खूण.

अंड्याचं काम याहून नाजूक. हंगामाच्या सुरुवातीला घातलेलं अंडं लवकर काढून घेतलं तर तीच मादी काही आठवड्यांनी दुसरं घालते. दुसरं आईबापांना उबवू द्यायचं, पहिलं यंत्रात ठेवायचं. म्हणजे एका जोडीची वर्षाला दोन पिल्लं होऊ शकतात. उबवणी यंत्रात तापमान साधारण ३७ अंशांवर धरून ठेवावं लागतं, अंडं ठरल्या वेळी फिरवावं लागतं आणि वजनाची नोंद ठेवावी लागते. कवचाला बारीक छिद्रं असतात. त्यातून पाण्याची वाफ उडत राहते आणि अंड्याच्या रुंद टोकाशी हवेची पोकळी वाढत जाते. पिल्लू बाहेर यायच्या आधी पहिला श्वास घेतं तो या पोकळीतला. उबवणीच्या काळात पक्ष्याच्या अंड्याचं वजन ढोबळमानाने पंधरा टक्क्यांनी घटावं लागतं. फार कमी घटलं तर पोकळी पुरत नाही, फार जास्त घटलं तर पिल्लू आतच सुकतं. म्हणून वजनाची रेघ वर-खाली झाली की यंत्रातली आर्द्रता बदलायची. अंधाऱ्या खोलीत अंड्यामागे दिवा धरला की सुरुवातीच्या आठवड्यांत लाल शिरांचं जाळं दिसतं. पुढे पुढे तोच भाग गडद होत जातो आणि मध्येच काहीतरी हलतं. शिरा फिकट पडल्या, हालचाल थांबली, तर अंडं गेलं. ते काढून तपासणीला द्यायचं आणि त्याची नोंदही तितक्याच नेटाने करायची.

यंत्रातलं पिल्लू हाताने वाढवायचं झालं तर माया आवरण्याची परीक्षा पुन्हा सुरू. अमेरिकेत कॅलिफोर्निया काँडॉर या प्रचंड गिधाडाची संख्या १९८२ मध्ये २२ वर आली होती. १९८७ मध्ये रानातला शेवटचा पक्षीही पकडून आणला. तेव्हा जगात अवघे २७ काँडॉर होते आणि सगळे पिंजऱ्यात. तिथल्या सेवकांनी काँडॉरच्या डोक्यासारखे मोजे हातात घालून पिल्लांना भरवलं, म्हणजे पिल्लाला माणूस दिसायलाच नको. युक्ती चालली, पण पूर्ण नाही. सोडलेले काही पक्षी तरीही वस्तीजवळ येत आणि विजेच्या खांबांवर बसत. म्हणून पुढे पिल्लं शक्यतो मोठ्या काँडॉरच्या हाती वाढवली गेली, आणि पिंजऱ्यात खोटे खांब उभारले. त्यावर बसलं की हलका झटका बसे, पक्षी तो विसरत नसे. आज काँडॉर पाचशेहून जास्त आहेत.

याच्या बरोब्बर उलट गोष्ट माळढोकची आहे, आणि ती मराठवाड्याच्या जवळची आहे. सोलापूरजवळ नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ मध्ये झालं. तिथे आता माळढोक दिसणं म्हणजे बातमी. राजस्थानात जैसलमेर जिल्ह्यात सम आणि रामदेवरा इथे भारतीय वन्यजीव संस्थेने रानातून आणलेली अंडी उबवून माळढोक वाढवले. अबुधाबीत हुबारा पक्ष्यावर काम करणाऱ्या संस्थेकडून त्यांनी ही विद्या घेतली. इथे पहिली पिढी माणसांना सरावलेलीच हवी होती. रामदेवऱ्याच्या एका नराला मादीच्या पुतळ्याशी समागम करायला शिकवलं, त्याचं वीर्य समच्या केंद्रात नेऊन मादीला दिलं, आणि १६ ऑक्टोबर २०२४ ला पिल्लू बाहेर आलं. कृत्रिम रेतनातून जन्मलेलं हे जगातलं पहिलं माळढोक. माणसाला घाबरणाऱ्या पक्ष्याकडून हे झालंच नसतं. रानात जायचं ते यांच्या पुढच्या पिढ्यांनी. परभणीत म्हशीचं रेतन शिकलेल्या मुलीला यातलं तंत्र ओळखीचं वाटेल, फक्त इथे रेतन यशस्वी झालं का हे कळायला महिनाभरही थांबावं लागत नाही.

पिंजोरची गिधाडं महाराष्ट्रात आली ती जानेवारी २०२४ मध्ये. पांढऱ्या पाठीची दहा ताडोबात बोटेझरीला, लांब चोचीची दहा पेंचला. काही महिने त्यांना जंगलातच बांधलेल्या अ‍ॅव्हियरीत ठेवलं आणि ऑगस्टमध्ये पाठीवर उपग्रहाशी बोलणारी टॅग बांधून सोडलं. त्यातलं एन-११ या क्रमांकाचं गिधाड ताडोबातून निघालं आणि छत्तीसगड, गुजरात, कर्नाटक असं सुमारे ४,००० किलोमीटर भटकत तामिळनाडूत पुदुकोट्टै जिल्ह्यापर्यंत पोहोचलं. पिंजऱ्यात जन्मलेल्या पक्ष्याने एवढा प्रवास करावा, ही केंद्रात राबणाऱ्या प्रत्येकाच्या कामाची पावती होती. नोव्हेंबरमध्ये ते तिथेच विजेचा धक्का लागून मेलं. काँडॉरच्या पिंजऱ्यातले खोटे खांब इथे आठवल्याशिवाय राहत नाहीत. २०२५ मध्ये मेळघाटात सोमठाण्यालाही लांब चोचीची पंधरा गिधाडं आणली गेली.

आता नकाशा उघडा. हिंगोलीपासून मेळघाट सरळ रेषेत दीडशे-पावणेदोनशे किलोमीटर, ताडोबा अडीचशेच्या आत. गरम हवेच्या झोतांवर तरंगत जाणाऱ्या गिधाडाला दिवसात शंभर किलोमीटर म्हणजे किरकोळ. सेनगाव-कळमनुरीच्या माळावर किंवा येलदरी-सिद्धेश्वरच्या पाण्याजवळ उद्या यातलं एखादं उतरलं, तर आश्चर्य वाटायचं कारण नाही. प्रश्न एवढाच, की त्याने तिथे काय खायचं आणि ते खाऊन जगायचं कसं.

पिंजोरमध्ये एकेका बोकडासाठी जी शिस्त पाळतात, ती बाहेर एकेका बैलासाठी पाळली गेली तरच पिंजऱ्याचं दार उघडण्यात अर्थ आहे. जनावरांसाठी डायक्लोफेनॅकवर २००६ मध्ये बंदी आली. मग माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या ढोरांना वापरल्या जाऊ लागल्या. म्हणून २०१५ मध्ये माणसांच्या इंजेक्शनची बाटलीही ३ मिलिलिटरपुरती मर्यादित केली. मग लक्षात आलं की अ‍ॅसिक्लोफेनॅक गायीच्या शरीरात जाऊन डायक्लोफेनॅकच बनतं, आणि किटोप्रोफेनही गिधाडांना मारतं. २०२३ मध्ये जनावरांसाठी ही दोन्ही बंद झाली, २०२४ संपता संपता निमेसुलाइड. म्हणजे वीस वर्षं सरकार औषधांच्या मागे धावतंय आणि औषध दर वेळी एक पाऊल पुढे. मेलोक्सिकॅम आणि टॉल्फेनॅमिक आम्ल ही दोन सुरक्षित औषधं बाजारात आहेत, मेलोक्सिकॅमवरचं एकस्वही नाही, पण गावातल्या टोचणाऱ्याला जे कपाटात आहे तेच सुचतं. दोन अर्थतज्ज्ञांनी, एयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन यांनी, २०२४ मध्ये मांडलेला अंदाज असा, की गिधाडं गेल्यावर कुजणारी मढी, वाढलेली कुत्री आणि दूषित पाणी यांमुळे २००० ते २००५ या काळात भारतात सुमारे पाच लाख जास्तीचे मृत्यू झाले. हा अंदाजच आहे, पण मोकाट कुत्र्यांच्या टोळ्या रात्री अंगावर घेतलेल्या कुणाला तो फार दूरचा वाटणार नाही.

मढ्यांचा प्रश्न वेगळाच. मेलेली ढोरं ओढण्याचं आणि सोलण्याचं काम ज्या समाजावर लादलेलं होतं, त्यांनी ते टाकून दिलं, आणि ते टाकायलाच हवं होतं. पण सोललेलं जनावर गावाबाहेर उघड्यावर पडायची सोयही त्याबरोबर गेली. आता जेसीबीने खड्डा खणतात आणि पुरतात. ट्रॅक्टर आल्यापासून बैलही कमी झाले, लाल कंधारी बैलांच्या जोड्या पोळ्याला मोजक्याच दिसतात. गडचिरोलीत वन विभागाने गिधाडांसाठी खास जागा करून तिथे मढी टाकायला सुरुवात केली. त्यांना गिधाड उपाहारगृह म्हणतात. हिंगोलीसारख्या जिल्ह्यात असं काही करायचं तर तिथेही वही लागेल: जनावर कुणाचं, कशाने मेलं, शेवटच्या आठवड्यात त्याला काय टोचलं. आणि ती वही ठेवायला बोकडांच्या गोठ्यात उमेदवारी केलेला कुणीतरी लागेल.

एखाद्या पशुवैद्यकीय दवाखान्यात ती मुलगी डॉक्टर म्हणून बसेल तेव्हा तिच्यासमोर सुजल्या खांद्याचा बैल उभा असेल आणि मालक म्हणेल, मॅडम, मागच्या वेळी दिलं होतं तेच इंजेक्शन द्या, लगेच आराम पडला होता. तेव्हा तिने आधी विचारायचं, मागच्या वेळी कोणतं दिलं होतं, आणि रिकामी बाटली घरात असली तर घेऊन या.